देगावकर पायरी

"श्वास रोखून धरू नकोस. थेंब काही उडून जाणार नाही," आई म्हणाली. "वाच. किती?"

"बावन्न."

"नक्की?"

"म्हणजे... एक्कावन्न आणि बावन्नच्या मध्ये."

"मग तसं सांग. पूर्णांक करून देऊ नकोस. पूर्णांक करून देणारी माणसं या इमारतीत पुष्कळ आहेत."

पलीकडच्या टेबलाशी बसलेले नदाफ हसले आणि त्यांनी आकडा टिपून घेतला. एप्रिलमधला शनिवार होता. सोलापूरच्या बाहेर, उघड्या माळावर असलेल्या त्या संस्थेला सुट्टी होती. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो आणि कोपऱ्यात वाळ्याचा कूलर घरघरत होता. तो माणसांसाठी नव्हता. हवा कोरडी झाली की थेंब वाळतो आणि कोन खोटा येतो, म्हणून तो थेंबासाठी होता.

मी एका आडव्या दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. समोर सिलिकॉनची नखाएवढी चकती. आरशासारखी, जरा निळसर. आई बारीक सुईने तिच्यावर पाण्याचा थेंब सोडायची. बाजूने पाहिलं की तो थेंब उपड्या वाटीसारखा दिसायचा, आणि वाटीची कड चकतीला टेकते तिथला कोन मी वाचायचा, एवढंच माझं काम. मी मिरजेच्या कॉलेजात मराठी शिकवते. परीक्षा संपवून चार दिवस घरी आले होते. सकाळी चहा पिताना आई म्हणाली होती, "आज तू चल माझ्याबरोबर. मला असा माणूस हवाय, ज्याला काय यायला हवं ते माहीत नाही."

"मला काहीच माहीत नसतं, आई."

"म्हणूनच. आमच्या पोरांना उत्तर पाठ असतं. त्यांना थेंब दिसतच नाही, उत्तर दिसतं."

तिने स्वतःवरही विश्वास ठेवला नव्हता. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या नदाफांना काढायला लावून तिने त्यांवर नुसती अक्षरं चिकटवून घेतली होती. कुठल्या बाटलीत काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं, मलाही नाही. ते एकट्या इलियास नदाफांना ठाऊक होतं. बाबांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली होती आणि आता ते त्याच विभागात शिकवत होते.

"मॅडम, एवढा बंदोबस्त आमच्या दहावीलासुद्धा नव्हता," ते म्हणाले.

"दहावीला तुम्ही कॉपी करत नव्हतात, नदाफ. इथे आपण वीस वर्षं करतोय की काय, ते बघायचंय."

ते काय बघायचं होतं, हे मला मोघम कळत होतं. लहानपणी आईने समजावून सांगितलं होतं. त्या चकतीवर एक थर चढवलेला असतो, फक्त एका रेणूच्या जाडीचा. अमाइन नावाच्या रसायनाचा. पाणी आम्ल असेल तर हा थर आम्लातला भार आपल्या अंगावर घेतो, मग त्याला पाणी आवडायला लागतं आणि थेंब पसरतो. पाणी अल्क असेल तर तो भार सोडून देतो आणि थेंब आखडून बसतो. आम्लाकडून अल्काकडे एकेक थेंब ठेवत गेलं आणि कोन कागदावर मांडत गेलं, की एक रेघ चढत जाते. माझ्या आईवडिलांच्या चकत्यांवर ती रेघ मध्येच थांबायची. थोडा वेळ सपाट जायची आणि मग पुन्हा चढायची. याचा अर्थ, थर आपला भार एकदम सोडत नाही, दोन हप्त्यांत सोडतो. हे आधी कुणी पाहिलं नव्हतं. मग जपानात पाहिलं, अमेरिकेत पाहिलं, आणि त्या सपाट तुकड्याला नाव पडलं, देगावकर पायरी.

देगावकर म्हणजे बाबा. डॉ. अच्युत देगावकर, विभागप्रमुख. आई मानद संशोधक होती, कारण संस्थेचा नियम होता, एका घरात एकच खुर्ची. थेंब तिने ठेवले होते, चकत्या तिने घडवल्या होत्या, आणि ती सपाट जागा पहिल्यांदा तिलाच दिसली होती. लेखावर तिचं नाव तिसरं होतं. कधी कुणी गमतीने विचारलं तर बाबा म्हणायचे, "देगावकर म्हणजे तीसुद्धा आलीच की!" लोक हसायचे. आईही हसायची. मी हसायचे नाही, पण बोलायचेही नाही.

दुपारी शेवटचा थेंब वाचून झाला. आईने कागदावर पेन्सिलने टिंबं मांडली आणि म्हणाली, "सांगा नदाफ, काय काय होतं?"

नदाफांनी अक्षरं वाचत वाचत बाटल्यांची नावं सांगितली. मध्ये एकदा थांबले. चष्मा काढून पुसला.

"प आणि म, दोन्हींची आम्लता एकच, मॅडम. सातच. प मध्ये फॉस्फेट होतं. म मध्ये दुसरं मीठ."

"आणि थेंब?"

"प चा पसरलाय. म चा नाही."

मी विचारलं, "म्हणजे काय?"

आईने माझ्याकडे तोंड वळवलं. ती हसत होती. साठीच्या बाईच्या चेहऱ्यावर असं हसू मी तोवर पाहिलं नव्हतं. एखाद्या मुलीने झाडावर चढून खाली बघावं तसं.

"पाण्याची आम्लता धरून ठेवायला त्यात मीठ घालावं लागतं, ऋजू. एकच मीठ सगळीकडे चालत नाही. थोड्या अंतराने बदलावं लागतं. आपण मधल्या टप्प्यात नेहमी फॉस्फेट वापरत आलो. रेघ सपाट होते तीही बरोबर तिथेच. ते फॉस्फेट अमाइनला जाऊन चिकटतं आणि थेंबाला ओढतं. मीठ बदल, रेघ सरळ चढते. थर थांबत नव्हता. आपण बाटली बदलत होतो."

"म्हणजे पायरी नाहीच?"

"नाहीच!" तिने टाळी वाजवली. "नदाफ, वीस वर्षं! डोळ्यांसमोर! चला, मला भूक लागलीये."

नदाफ उठले नाहीत. "सरांना कोण सांगणार, मॅडम?"

"मी. भाकरी खाता खाता."

घरी बाबा ताटावरच बसले होते. आम्हाला बघून म्हणाले, "या! मराठी विभागाने काय शोध लावला?"

आईने हात धुतले, भाकरी घेतली, शेंगांच्या चटणीवर तेल ओतलं आणि म्हणाली, "अहो, पायरी नाहीये."

"कुठली?"

"आपली."

तिने सगळं सांगितलं. बाबा जेवत ऐकत होते. हुशार माणूस, त्यांना दोन वाक्यांत कळलं असणार. पण त्यांनी तिला पूर्ण बोलू दिलं.

"थेंब कोणी वाचले?"

"ऋजूने."

बाबा खो खो हसले. "हिने?"

"तिला काय यायला हवं ते माहीत नव्हतं."

"तिला काय येतंय तेसुद्धा माहीत नव्हतं!"

त्यावर मलाही हसू आलं. बाबांचं तेच होतं. माणसाला खाली बसवताना ते असं बसवत, की बसणाऱ्यालाही मजा वाटावी.

"आणि जपान्यांना आली ती?" बाबांनी विचारलं. "त्यांनाही ऋजूनेच वाचून दिली?"

"त्यांनी आपलीच कृती वापरली. आपलीच मिठं, आपल्याच क्रमाने. माझ्या कृतीने आमटी केली तर माझ्यासारखीच होणार."

"जूनपर्यंत थांब, कुमुद."

"जूनमध्ये काय, पायरी उगवणार आहे?"

"जूनमध्ये मी निवृत्त होतोय."

"म्हणून तर आत्ता. खुर्चीत बसून लिहिलंत तर चूक सुधारली म्हणतील. उठल्यावर लिहिलंत तर पळाला म्हणतील."

बाबांनी पाण्याचा पेला ठेवला. जरा जोरात. "तुझं काय जातं बोलायला? नाव माझं आहे त्यावर."

आई भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "चला. कबूल तरी केलंत."

मी उठून ताक वाढलं. आमच्या घरात असं काही झालं की मी काहीतरी वाढायला उठायचे.

"सोमवारी मी आपला लेख छापणाऱ्या नियतकालिकाला कळवणार," आई म्हणाली. "सही दोघांची. तुम्ही नाही केलीत तर माझी एकटीची."

"आणि नदाफ? त्याचा अख्खा प्रबंध त्या पायरीवर उभा आहे. त्याचा विचार केलास?"

"केला. म्हणून बाटल्यांवर अक्षरं त्यालाच लावायला सांगितली. त्याला उद्या दुसऱ्याकडून कळायला नको."

नंतर ओट्याशी भांडी विसळताना ती मला म्हणाली, "दर वेळी ताक घेऊन का धावतेस गं?"

"मग काय करू? तुमची भांडणं ऐकत बसू?"

"हो. ऐकत बस. बाटलीतल्या त्या मिठासारखी तू बफर झालीयेस आमच्या दोघांतला. आम्ल ओता, अल्क ओता, हिच्यात काही फरक नाही. आणि मग सगळ्यांना वाटतं, काही ओतलंच नव्हतं." मग माझ्या पाठीवर ओल्या हाताने चापट मारून म्हणाली, "छान वाचलेस हं आज. अर्धा अंशसुद्धा सोडला नाहीस."

रविवारी सकाळी ती गॅलरीत पाइप धरून घरच्या कूलरमध्ये पाणी भरत होती. बाबा पेपर वाचत होते. मी आत होते. पाणी ओसंडून हॉलमध्ये आलं तेव्हा बाबा म्हणाले, "कुमुद, भरलं की!" ती काही बोलली नाही. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. मी धावत बाहेर आले तेव्हा बाबा त्या पाण्यात मांडी घालून बसले होते, तिचं डोकं मांडीवर घेऊन, आणि मला सांगत होते, "नळ बंद कर. ऋजू, आधी नळ बंद कर." ते रडत होते. ते खोटं नव्हतं. हे मी इथे लिहून ठेवते, कारण पुढचं लिहिताना माझा हात न्यायाने चालेल याची मला खात्री नाही.

सोमवार आला आणि गेला.

बार्शीहून शकूआत्या आली, बाबांची मोठी बहीण. घर माणसांनी भरलं. येणारा प्रत्येक जण बाबांपाशी बसायचा, आणि बाबा प्रत्येकाला आईची तीच तीच आठवण सांगायचे, दर वेळी जरा नीटस करून. मी कुणापाशी काही काढलं नाही. मनात म्हटलं, त्यांना वेळ देऊ. ते स्वतःच करतील. ते तिच्याइतकेच शास्त्रज्ञ आहेत.

तेरावा व्हायच्या आधी एका संध्याकाळी ते खोलीतून बाहेर आले. दाढी केली होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहरा उजळ दिसत होता.

"शकूताई, ऋजू, बसा. मी संचालकांशी बोललोय. शुक्रवारी संस्थेत शोकसभा आहे. तिथे मी एक जाहीर करणार आहे. यापुढे देगावकर पायरी म्हणायचं नाही. कुमुद पायरी म्हणायचं. मी तसं सगळ्यांना कळवणार. नव्या पुस्तकांत तसंच छापलं जाईल."

आत्याने डोळ्यांना पदर लावला. "अच्युता, किती मोठं मन रे तुझं. कुमुद असती तर..."

"तिला द्यायचं राहून गेलं होतं," बाबा म्हणाले.

मी भिंतीला टेकून उभी होते.

"कुठली पायरी, बाबा?"

"ऋजू, आत्ता नको."

"आईने शनिवारी..."

"आत्ता नको म्हटलं ना!"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. "अगं, बाप एवढं करतोय आईसाठी. तुझं काय भलतंच?"

दुसऱ्या दिवशी नदाफ आले. त्यांच्या बायकोने आमच्यासाठी डबा दिला होता. बाबा झोपले होते. आम्ही अंगणात लिंबाखाली खुर्च्या टाकल्या.

"तुम्हाला कळलं?" मी विचारलं.

"कळलं, ताई. सरांनी चित्रसुद्धा माझ्याकडूनच करून घेतलं. रेघ, आणि खाली नाव."

"कुठली रेघ? जुनी?"

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला.

"नदाफ, शनिवारी तुम्ही होतात तिथे."

"होतो."

"मग?"

"मग काय, ताई?" ते एकदम चिडून म्हणाले. "माझी पाच वर्षं आहेत त्यात. सरांनी मला घरात ठेवून घेतलं होतं, हे ठाऊक आहे ना तुम्हाला? माझे वडील वारले तेव्हा कुठे गेलो होतो मी? इथे. याच अंगणात. आता सरांची बायको गेलीये, दोन महिन्यांनी नोकरी जाईल. त्यांच्यासमोर उभं राहून सांगू, की सर, तुमचं सगळं आयुष्य म्हणजे बाटलीतलं मीठ आहे?"

"आई सांगणार होती."

"मॅडम सांगू शकत होत्या. त्यांचं स्वतःचं होतं ते."

"आणि आता जे खोटं आहे, ते तिच्या नावावर चढतंय. उद्या कुणीतरी दुसरं बाटल्या तपासणारच. मग काय म्हणतील? कुमुद पायरी म्हणजे एका बाईने केलेली चूक. नवऱ्याने प्रेमापोटी नाव दिलं बिचाऱ्याने."

नदाफांनी मान खाली घातली. लिंबाची वाळकी पानं पायाने सारत बसले. मग म्हणाले, "मी स्वतःहून काही बोलणार नाही, ताई. ते माझ्याच्याने होणार नाही. पण मला कुणी विचारलं, तर मी खोटंही बोलणार नाही. रोजे चालू आहेत म्हणून नव्हे. मॅडमच्या टेबलाशी खोटे आकडे सांगायची सवय नाही."

शुक्रवारी दुपारी, निघायच्या आधी, मी बाबांच्या खोलीत गेले. ते भाषण वाचत होते.

"बाबा, नाव देऊ नका."

"का?"

"तिला ती पायरी मागे घ्यायची होती. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी कागद बाजूला ठेवले. विद्यार्थ्याला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "हे बघ. एका दुपारचा प्रयोग होता तो. उन्हाळा. थेंब वाळतात. तुझी आई थकलेली होती, डोक्यात काय चाललं होतं कुणाला माहीत. डॉक्टर म्हणाले ना, आधी काही दिवस माणसाला भास होतात, चिडचिड होते."

"डॉक्टर असं म्हणाले नाहीत."

"मी वाचलंय. आणि ऋजू, रागावू नकोस, पण थेंब वाचले कोणी? तू. तुझ्या एका दुपारवर मी वीस वर्षं पुसू? तिची वीस वर्षं?"

"तिची?" मी म्हटलं.

"तिचीच. मी तेच तर सांगणार आहे सगळ्यांना." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू जास्त वाचतेस, बाळा. कथा-कादंबऱ्यांत असं असतं. चल, उशीर होतोय."

त्यांनी आईला एका वाक्यात थकवून टाकलं होतं, आजारी करून टाकलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्या, भूक लागलेल्या बाईला. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला नाही. चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसले.

सभागृह भरलं होतं. आईचा फोटो, हार, उदबत्ती. एकेक जण बोलायला उठत होता. वहिनींच्या हातची शेंगापोळी. वहिनी सगळ्यांच्या मुलांची नावं लक्षात ठेवायच्या. मॅडमच्या शिस्तीत मायेचा ओलावा होता. लॅबमध्ये त्या आमच्या आईच होत्या. मी वाट बघत होते, की एक तरी माणूस म्हणेल, त्यांनी चकतीवर थर कसा चढवला, तो किती समतल होता, त्यासाठी त्या आम्लाने चकती किती वेळा धूत, घाईत असणाऱ्याला कशा हाकलून देत. कुणी म्हणालं नाही. पाच भाषणांत मिळून माझी आई एकदाही शास्त्रज्ञ झाली नाही.

मग बाबा उठले. फार सुंदर बोलले. त्यांना ते येत होतं. शेवटी पडद्यावर ती रेघ आली. चढली, थांबली, चढली. सपाट तुकड्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कुमुद पायरी.

"हा तिचा शोध," बाबा म्हणाले. "आजपासून तिच्या नावाने."

शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. मागून कुणीतरी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. शेजारी आत्या हुंदके देत होती. संचालक माइकवर आले. "आता कन्या ऋजुता दोन शब्द बोलतील. त्यानंतर आपण दोन मिनिटं शांत उभे राहू."

आत्या कानाशी म्हणाली, "शेंगापोळीचं सांग हं. छान सांगतेस तू."

मी माइकपाशी गेले.

"माझ्या आईने शेवटच्या शनिवारी एक प्रयोग केला," मी म्हटलं. "या पडद्यावर जी पायरी आहे, ती खरी आहे का, ते तिला बघायचं होतं. ती खरी नाही. पाण्यात मधल्या टप्प्याला फॉस्फेट असतं, तेच फक्त तिथे दिसतं. फॉस्फेट काढलं की पायरी जाते. थेंब मी वाचले. मी मराठी शिकवते, मला यातलं काही कळत नाही. म्हणूनच तिने मला बसवलं होतं."

सभागृहात खुर्च्या वाजल्या. संचालकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा फोटोशेजारी उभे होते.

"ऋजू, तुला बरं वाटत नाहीये," ते हसून म्हणाले, आणि लोकांना म्हणाले, "पोर खचली आहे. समजून घ्या."

"डॉ. नदाफ," मी म्हटलं. "बाटल्यांवर अक्षरं कोणी लावली होती?"

तिसऱ्या रांगेत नदाफ बसले होते. ते लगेच उठले नाहीत. शेजारच्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवलेला मला दिसला. तो हात बाजूला करून ते उभे राहिले.

"मी," ते म्हणाले.

"कोणत्या बाटलीत काय आहे, ते आईला किंवा मला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग पायरी आली?"

नदाफांनी बाबांकडे पाहिलं. नदाफांचा चेहरा रडवेला झाला होता. "आली नाही, सर," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, त्यांच्याशी. "माफ करा सर. नाही आली."

कुणीतरी बाहेर गेलं. दार आपटलं. बाबा माझ्या दिशेने दोन पावलं आले. हसू गेलं होतं. माइक दोघांच्या मध्ये होता, आणि त्यांचा हळू आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"खाली बस. आईच्या फोटोसमोर तमाशा करतेस? तिला हा मान मी देतोय, ऋजू. आयुष्यात पहिल्यांदा तिला काही मिळतंय, आणि तू, तिची मुलगी, ते हिसकावून घेतेस?"

मला उत्तर शोधावं लागलं नाही. ते कित्येक वर्षं माझ्या तोंडात तयार होतं, फक्त उलटं.

"बाबा, मी कॉलेजात होते तेव्हापासून मला तुम्हाला एक सांगायचं होतं. दर वेळी तुम्ही म्हणायचात, देगावकर म्हणजे तीसुद्धा आलीच, आणि लोक हसायचे, तेव्हा सांगायचं होतं. त्या पायरीला आईचं नाव द्या. मी कधी बोलले नाही. ताक वाढलं, पाणी दिलं, गप्प बसले. ती जिवंत होती तोवर तुम्हाला ते एकदाही सुचलं नाही. तिने ती खोटी ठरवली, आणि ती मेली, आणि मग सुचलं. शोध होता तोवर तो तुमचा होता. चूक निघाली तेव्हा तिचा झाला. मला तो मान नको. तिलाही नको होता. तिने जे शोधलं ते हे, की पायरी नाही. तेवढंच तिचं आहे. त्या रेघेखालून माझ्या आईचं नाव पुसा. आत्ता, सगळ्यांसमोर. पुसा, बाबा."